माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र

अकोल्यात एका दुपारी मी मंगळसूत्र घालून फिरलो. माझं नव्हे, बायकोचं. (माझं असण्याचा प्रश्नच नाही, पण माझ्या सासुरवाडीला अजून खात्री नाही, म्हणून आधीच सांगून टाकलं.)

मी अमरावतीला कॉलेजात फिजिक्स शिकवतो आणि उरलेल्या वेळात लोकांना शहाणं करतो. गणेशोत्सव असो, वाचनालयाचा कार्यक्रम असो, कोणी बोलावलं की 'वैज्ञानिक दृष्टिकोन' या विषयावर तासभर बोलून येतो. गंडे, ताईत, अंगठ्या, मंगळसूत्र, सगळ्यांची हजेरी घेतो. "काळ्या मण्यांनी नवरे जगत असते तर सोनारांनी दवाखाने उघडले असते," या वाक्याला टाळ्या ठरलेल्या. माझी बायको सुनंदा पहिल्या रांगेत मंगळसूत्र घालून बसलेली असते. तीही टाळ्या वाजवते.

मागच्या हिवाळ्यात तिचा उजवा हात बधिर पडायला लागला. आधी बोटं, मग मनगट. एकदा हातातून चहाचा कप सुटला, आणि सुटला हे तिला तो फुटल्यावर कळलं. डॉक्टरांनी मानेचा एमआरआय सांगितला. "काय असू शकतं?" मी विचारलं. "काहीही असू शकते," डॉक्टर म्हणाले. इतकं खरं बोलायची काही गरज नव्हती. त्या दिवसापासून माझी झोप उडाली. सुनंदा मात्र शेजारी छान घोरायची.

आता अमरावतीत मशीन नाही असं नाही. पण माझ्या सासूबाई अकोल्यात, जठारपेठेत राहतात. लेकीची मान आपल्या डोळ्यांसमोर तपासली जाईल, असा त्यांचा हुकूम आला. मला गाडी चालवायची भीती वाटते, म्हणून आमच्या कॉलेजातले केमिस्ट्रीचे तायडे सर त्यांच्या गाडीतून घेऊन गेले. निघताना मी धीर यावा म्हणून दह्यात भिजवलेले चार गिले वडे खाल्ले.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. हातात पिवळ्या दोऱ्यात बांधलेलं हळकुंड.

"मशीनीत धातू चालत नाई मनते. मंगळसूत्र काढलं तं गळा उघडा रायते. हे बांधू तिले."

मी हसलो. "आई, तिला मशीनमध्ये घालायचं आहे, वरणात नाही."

तायडे सर हसले. सुनंदाही हसली. सासूबाईंनी हळकुंड देवापुढच्या वाटीत ठेवून दिलं. मी जिंकलो होतो, आणि हे जिंकणं मला फार महागात पडणार होतं.

दवाखान्यात तपासणीच्या खोलीबाहेर तिथं काम करणारी एक मुलगी आली. "अंगावरचं सगळं काढा." सुनंदानं बांगड्या काढून आईकडे दिल्या. मंगळसूत्र काढलं आणि भाजीची पिशवी द्यावी तसं माझ्या हातात दिलं. "धरा. कुठं विसरू नका." एवढं बोलून आत गेली. दार बंद झालं.

लग्नानंतर पहिल्यांदाच मी तिचा मोकळा गळा पाहिला. मंगळसूत्र हातात अजून कोमट होतं.

"जवाईबुवा, आता जागचे हलू नका," सासूबाई हळूच म्हणाल्या.

"का?"

"ते तिच्या गळ्यात नाई तवर तुमच्याकडे कोणाचं लक्ष नाई."

हे त्या इतक्या शांतपणे म्हणाल्या, की मी मागे वळून पाहिलं.

"अन खिशात नका ठेवू. ज्याच्या नावाचं हाये, त्याच्या अंगावर राहू द्या."

मी बाथरूममध्ये जाऊन मंगळसूत्र बनियनच्या आत घातलं. (चोरीच्या भीतीनं. दवाखान्यात खिसे कापतात, हे मी स्वतःला दोनदा समजावलं.)

बाहेर येऊन बसलो तर डोक्यावरचा पंखा डुगडुगत होता. मी खुर्ची बदलली. त्या खुर्चीच्या वर ट्यूबलाइट एकाच तारेवर लटकत होती. मी पुन्हा उठलो आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. भिंतीला भेग होती. गुरुत्वाकर्षण मी वर्षानुवर्षं शिकवलं, पण ते माझ्याच वाईटावर आहे हे त्या दिवशी कळलं.

तायडे सर शेजारी शांत पेपर वाचत होते. त्यांच्या गळ्यात, शर्टाच्या वर दिसेल असं, एक छोटं धम्मचक्र असतं.

"तायडे, तुम्ही हे का घालता हो?" मी विचारलं.

"काहून? आज व्याख्यान आहे का?"

"नाही. सहज."

त्यांनी पेपर खाली ठेवला. "माह्या आज्याच्या गळ्यात गंडा व्हता. छप्पन साली दीक्षा घेतली अन काढून फेकला. पण सांगे, त्या रात्री झोप नाई आली. मने, आता काईतरी होते. सकाळी उठून पायलं तं जिवंत व्हता. मंग चहा पेला अन कामावर गेला. तवापासून आमच्या घरी भेवानं कोणी काई घालत नाई. मी हे घालतो ते मी कोण हाव हे दिसाले पायजे मनून."

फार चांगलं उत्तर होतं. एरवी मी ते व्याख्यानात वापरलं असतं. आत्ता मला एवढंच ऐकू आलं, की त्यांच्या आज्याला रात्रभर वाट पाहावी लागली होती.

आतून मशीनचा आवाज यायला लागला. पत्र्यावर कोणी घण घालतंय असा. आणि त्या आवाजाखाली माझी बायको एकटी पडून होती. खरं सांगतो, माझी सगळी भीती तिच्या मानेची होती. तिथं काय निघेल, याचा विचारसुद्धा करवत नव्हता. म्हणून मी करता येण्यासारखं काम शोधलं. हळकुंड.

"पाणी आणतो," म्हणून मी सटकलो.

किराणा दुकान रस्त्याच्या पलीकडे होतं. रस्ता ओलांडताना मी छातीवर हात दाबून धरला होता. एका ऑटोवाल्यानं वाट दिली, तर मला त्याचाही संशय आला.

"हळकुंड द्या."

"किती?"

"एक."

दुकानदारानं मला वरून खाली पाहिलं. "एक? लग्न हाये का?"

"झालं आहे," मी म्हणालो. "टिकवायचं आहे."

त्यानं पैसे घेतले नाहीत.

मी धावत परत आलो. त्या मुलीला म्हणालो, "एवढं तिच्या गळ्यात बांधा."

"काका, मधात दार नाई उघडता येत. सुरुवातीपासून करा लागते मंग."

आणि तेवढ्यात माझ्या छातीत कळ आली. चांगली डावीकडे! मी खाली बसलो. सासूबाईंनी एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला. तायडे सरांनी मला काखेत धरून शेजारच्या खोलीत नेलं, टेबलावर झोपवलं. सिस्टर ईसीजीच्या वायरी घेऊन आल्या आणि त्यांनी माझ्या शर्टाची बटणं काढून बनियन वर केलं.

सिस्टरच्या हातातल्या वायरी हातातच राहिल्या.

"काका, हे कोणाचं?"

"माझं," मी म्हणालो. घाबरलेला माणूस खोटं बोलत नाही.

"काढा लागते ते."

"नाही काढणार."

"मशीनले अडते."

"तुम्ही बाजूनं लावा. मी वाटल्यास लिहून देतो."

तायडे सर खिडकीबाहेर पाहत होते. त्यांचे खांदे हलत होते. सिस्टरनं मंगळसूत्राच्या वाट्या उचलून माझ्या खांद्यावर ठेवल्या आणि मुकाट्यानं वायरी लावल्या. डॉक्टरांनी कागद पाहिला, मला पाहिलं, मंगळसूत्र पाहिलं.

"गॅस आहे. काय खाल्लं सकाळी?"

मी गिल्या वड्यांचा आकडा सांगत असतानाच दारात सुनंदा उभी राहिली. मागे सासूबाई. सुनंदाचा चेहरा पांढरा पडला होता.

"काय झालं यायले?"

"काही नाही ताई, वडे," डॉक्टर म्हणाले.

ती जवळ आली. माझ्या उघड्या छातीवर तिचं मंगळसूत्र, मुठीत हळकुंड.

"मले आतमधी लय भेव वाटून राह्यलं व्हतं," ती म्हणाली. "पण मनलं, तुमी दाराशी बसून असान. तेवढ्यावर पडून राह्यली मी."

मला रडू आलं. लपवलं नाही.

संध्याकाळी रिपोर्ट आला. मणक्यात शीर दबली होती. पट्टा आणि व्यायाम, बाकी काही नाही. परतीच्या वाटेवर, मंगळसूत्र पुन्हा तिच्या गळ्यात गेल्यावर, मी हळूच विचारलं, "तू हे का घालतेस गं? माझ्या आयुष्यासाठी?"

"नाई बापा. मले चांगलं दिसते मनून."

"मग काढलं तेव्हा तुला काहीच वाटलं नाही?"

"मले कायले वाटन? तुमालेच वाटलं दिसते," ती म्हणाली. "घालता का परत?"

पुढं बसलेल्या तायडे सरांनी गाडी बाजूला घेतली. त्यांना हसण्यासाठी थांबावं लागलं.

येत्या रविवारी वाचनालयात माझं व्याख्यान आहे. विषय तोच. हळकुंड शर्टाच्या आतल्या खिशात असतं. कोणी विचारलं तर घशासाठी ठेवतो, असं सांगतो. हळद घशाला चांगली असते, आणि त्याला वैज्ञानिक आधार आहे.