पत्र्याची गाडी

शाळेतून येताना रस्त्यात पत्र्याचा तुकडा, तुटकी बिजागरी, एखादा गंजका नट, काहीही दिसलं की तो दप्तरात टाकायचा. त्यावरून पोरांनी त्याला पत्र्या म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव त्याला जन्मभर चिकटलं. अभ्यासात त्याचं डोकं चालत नव्हतं. शेवटच्या परीक्षेत दुसऱ्यांदा गचकला तेव्हा वडिलांनी त्याला आपल्या काचेच्या दुकानात आणून उभं केलं. तिथे गल्ल्यावर थोरला भाऊ, दादा, आधीच बसत होता.

त्याच वर्षी वडिलांनी एक जुनी पिकअप गाडी घेतली. कागद थोरल्याच्या नावावर केले. "हा चालवेल," ते पत्र्याकडे न बघताच म्हणाले. एकोणीस वर्षांचं वय. चालवायला गाडी मिळणार, एवढ्यावरच स्वारी खूश होती. नाव कुणाचं लागलं याकडे त्याचं लक्षही गेलं नाही. पुढे गेलं.

काच वाहणं हे सोपं काम नाही. गाडीच्या हौद्यात काच आडवी ठेवली की पहिल्या खड्ड्यात तिचे दोन भाग होतात. उभी ठेवली तर टेकायला काहीतरी लागतं. पहिल्या महिन्यात पत्र्यानं इतक्या काचा फोडल्या की वडिलांनी त्याच्याशी बोलणं सोडलं. तेव्हा दुकानात काचा चढवायला-उतरवायला एक हमाल होते, सगळे त्यांना मामा म्हणत. वयानं पत्र्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, बोलायला कमी. त्यांनी फक्त एवढंच सांगितलं की गाडी तुझं ऐकत नसेल तर गाडी बदल, रस्ता काही बदलणार नाही.

मग पत्र्या कामाला लागला. एका वसतिगृहाच्या मागे मोडक्या लोखंडी खाटांचा ढीग पडला होता. रखवालदाराच्या खिडकीला काच बसवून देण्याच्या बदल्यात त्यानं त्यातले अँगल आणले आणि ओळखीच्या वेल्डरकडे बसून हौद्यात काचा टेकवायला एक घोडा उभा केला. दोन्ही बाजूंनी उतरता, घराच्या छपरासारखा. काच ज्यावर उभी राहते ती खालची पट्टी त्यानं मुद्दाम आतल्या बाजूला कललेली ठेवली. म्हणजे काच स्वतःच्याच वजनानं घोड्याला चिकटायची आणि पुढची काढली तरी मागची जागची हलायची नाही. खडी फोडायच्या कारखान्यातून जुन्या पट्ट्याचं जाड रबर मिळालं, ते हौद्यात अंथरलं आणि घोड्यालाही ठोकलं. सायकलच्या फाटक्या ट्यूब कापून दोऱ्यांच्या जागी लावल्या. हौद्याचा मागचा फाळका धाडकन पडायचा आणि काचांचा जीव जायचा, तर एका बंद पडलेल्या ऑफिसमधून दार हळू लावणारा क्लोजर काढून आणला. तेव्हापासून फाळका एखाद्या म्हाताऱ्यानं खुर्चीत बसावं तसा सावकाश खाली येऊ लागला.

त्यानंतर त्याचा हात थांबलाच नाही. मोडक्या कपाटाचे दोन खण घोड्याखाली सरकते बसवले, त्यात कटर, पुट्टी, चिमटे. केबिनमध्ये दुकानातल्याच उरलेल्या आरशाचा तुकडा अशा कोनात लावला की चालवता चालवता मागचा माल दिसावा. टपावर जाड प्लॅस्टिकचा काळा पाइप, दोन्ही तोंडं बंद, एका टोकाला नळ. दुपारी उन्हानं त्यातलं पाणी कोमट व्हायचं आणि पुट्टीनं चिकट झालेले हात पटकन स्वच्छ निघायचे. पुढे लग्न झालं. बायको शिवणकाम करायची. तिनं दुकानांवरच्या जुन्या छताच्या कापडातून सीटच्या खोळी शिवल्या, एका सीटवर हिरवे पट्टे, दुसऱ्यावर निळे. विकत घेतलेली वस्तू म्हणजे काय ते स्क्रू.

पुढच्या एकवीस वर्षांत त्या गाडीत तीन काचा फुटल्या. तिन्हींची तारीख पत्र्याला पाठ होती. दुसऱ्या दुकानांचे लोक येऊन घोडा बघून जायचे, माप घ्यायचे. पत्र्या हातचं काही राखून ठेवायचा नाही, उलट खाली वाकून दाखवायचा की खालच्या पट्टीचा कल किती हवा. दादा मात्र गिऱ्हाइकांसमोर गाडीला भंगाराचं दुकान म्हणायचा. लोक हसायचे, पत्र्याही हसायचा.

मामांची आणि त्याची जोडी जमली ती अशी की दोघं काच उचलताना तोंडातून अक्षर काढत नसत. मोठ्या काचेला दोघंच असले की पाऊल कधी टाकायचं, कधी वळायचं, कधी टेकवायचं, हे काचेतूनच एकमेकांना कळतं. दिवसभर बरोबर असायचे आणि संध्याकाळी घरी आल्यावर बायकोनं विचारलं की मामा काय म्हणाले, तर पत्र्याला काही सांगता यायचं नाही.

वडील गेले. दुकान दादाच्या हातात आलं, ते आधीपासूनच होतं म्हणा. मग एक दिवस काचेच्या एका मोठ्या कारखान्याची माणसं येऊन बसली. त्यांची एजन्सी घ्यायची तर माल त्यांच्याच गाडीतून जाणार, ड्रायव्हर त्यांचाच. पत्र्या त्या दिवशी एका दवाखान्याच्या खिडक्या बसवत होता. परत आला तेव्हा चहाचे कप अजून टेबलावर होते. दादानं एजन्सीचं सांगितलं. पिकअपचं सांगितलं नाही.

ते त्याला वहिनीकडून कळलं. दोन्ही भाऊ एकाच घरात, दादा खाली, पत्र्या वर. जिन्यात वहिनी सहज बोलून गेली की गाडीबाजारवाला शुक्रवारी गाडी न्यायला येतोय, तोवर तिची साफसफाई करून ठेवा म्हणाले आहेत. पत्र्या तसाच खाली गेला. दादा जेवत होता.

"मला विचारलं नाहीस," पत्र्या म्हणाला.

"काय विचारायचं? तू घेणार होतास का?"

"विचारलं असतंस तर कळलं असतं."

दादानं पाण्याचा ग्लास उचलला, खाली ठेवला. मग समजावणीच्या सुरात म्हणाला की व्यवहार ठरलाय, शब्द गेलाय. आणि आणखी एक होतं. गाडीबाजारवाल्यानं अट घातली होती की तिच्यावरचं हे सगळं लटांबर काढून द्यायचं. गिऱ्हाइकाला ओरिजिनल गाडी लागते.

"दुसऱ्याकडून काढून घेतलं तर पत्रा फाडतील," दादा म्हणाला. "तुला कुठे काय बसवलंय ते माहीत आहे."

ते खरंच होतं. पत्र्यानं मान हलवली आणि वर आला.

माळ्यावर तीन खोकी होती. ती त्यानं खाली काढली तेव्हा बायको हातातलं शिवण ठेवून बघत राहिली. फाळक्याचे मूळचे कडी-कोयंडे, मूळची साखळी, केबिनमधला मूळचा आरसा, हौद्याचे चौदा बोल्ट, सगळं तेल लावलेल्या कागदात गुंडाळलेलं आणि वर पेन्सिलीनं लिहिलेलं. एकवीस वर्षांत त्या गाडीतून काढलेला एक वॉशरही त्यानं टाकला नव्हता.

"एवढं जपून कशाला ठेवलंत?" बायकोनं विचारलं.

"आपली असती तर टाकून दिलं असतं."

सीटच्या खोळी मात्र मीच काढते, बायको म्हणाली, आणि टाके उसवून नीट घडी घालून घेऊन गेली.

बुधवार आणि गुरुवार, दोन दिवस तो गाडी उकलत होता. रबर उचललं तर खालचा पत्रा नव्यासारखा निघाला, मूळच्या रंगाचा. जिथे रबर नव्हतं तिथे गंजानं भोकं पडली होती. ग्राइंडरनं घोडा कापायला घेतला तेव्हा मामा दुकानातून बाहेर आले आणि पलीकडचं टोक धरून उभे राहिले. दोघांनी मिळून तो खाली उतरवला, काच उतरवावी तसा, न बोलता. भंगारवाला संध्याकाळी आला आणि सगळं एकदम घेऊन गेला. पट्ट्याच्या रबराचे काही तुकडे तेवढे कुणी उचलले नाहीत, ते पत्र्यानं जिन्याखाली टाकले.

शुक्रवारी गाडीबाजारवाल्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, फाळका पाडून बघितला. तो धाडकन पडला. माणूस खूश झाला. "अगदी ओरिजिनल ठेवलीये तुम्ही," तो दादाला म्हणाला.

दादानं पत्र्याला दुकानात काच कापायला बस म्हणून सांगितलं. पत्र्या बसला नाही. आठ दिवसांत त्यानं एका लाँड्रीत नोकरी धरली, दवाखान्यांच्या चादरी गोळा करायची व्हॅन चालवायची. चादरी फुटत नाहीत. रस्त्यात खड्डा आला तरी आता काही वाटायचं नाही, पण पाय जुन्या सवयीनं ब्रेकवर जायचा आणि त्याला स्वतःचाच राग यायचा. जिन्यात दादा भेटला तर दोघं बाजूला होऊन एकमेकांना वाट देत.

महिन्याभरानं एका रविवारी सकाळी दादा वर आला. वर येण्याची त्याची ही कितीतरी वर्षांतली पहिली वेळ. तो उभ्यानंच बोलला. कारखान्याच्या गाडीत पंधरा दिवसांत दोन काचा गेल्या होत्या. ड्रायव्हर रस्त्याला दोष देतो, कारखाना हमालाला दोष देतो.

"जरा नजर टाकतोस का? गाडी खाली उभी आहे."

पत्र्या खाली गेला. गाडी पांढरीशुभ्र होती, दारावर कारखान्याचं चित्र. मागे पोलादाचा मोठा घोडा, चकचकीत रंग दिलेला. मामा हातमोजे घालून बाजूला उभे होते. पत्र्यानं एक चक्कर मारली आणि खालच्या पट्टीवर बोट टेकवलं. पट्टी सपाट होती. तिला आत कल नव्हता, रबर नव्हतं, नुसतं लोखंड आणि वर गुळगुळीत रंग. काचांना धरून ठेवणारा चिमटा फक्त वरच्या बाजूला. पुढची काच काढायला चिमटा सोडला की मागच्या सगळ्या मोकळ्या, काचेचा पाय घसरला की झालं. एका मिनिटात त्याला सगळं दिसलं. फुटणारी काच दिसली, आणि ती कुठल्या बाजूला येणार तेही दिसलं.

दादा वाट बघत होता. मामाही बघत होते, आता हा काहीतरी बोलणार अशा खात्रीनं.

"चांगली आहे," पत्र्या म्हणाला. "कंपनीची आहे. ओरिजिनल आहे. आपण काय हात लावणार?"

दादाचं तोंड उतरलं. ते बघून पत्र्याला बरं वाटलं. वर येऊन त्यानं बायकोकडे दुसऱ्यांदा चहा मागितला.

त्यानंतरच्या गुरुवारी मामा एका शोरूमसमोर पुढची काच ओढत होते. मागची सुटली. ती वाचवायला त्यांनी हात घातला, इतक्या वर्षांची सवय. हातमोजा फाटला आणि उजव्या हाताची दोन बोटं मुळाशी खोलवर कापली गेली. बोटं जागेवर राहिली, पण आतल्या शिरा तुटल्या होत्या. डॉक्टरांनी शिवल्या. बोटं वळत नव्हती.

पत्र्याला हे दवाखान्यात कळलं, चादरी उचलताना, तिथल्याच एका नर्सकडून. तो चार दिवस गेला नाही. पाचव्या दिवशी मामांच्या खोलीवर गेला. मामा खिडकीशी बसले होते, हात गळ्यात अडकवलेला. मामींनी खुर्ची दिली आणि त्या आत गेल्या. बराच वेळ दोघं गप्प बसले. पण पूर्वीचं गप्प बसणं निराळं होतं.

"तू त्या दिवशी बघितलं होतंस ना?" मामांनी विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. पत्र्यानं मान खाली घातली. "हो."

"मग बोलला का नाहीस?"

"दादानं विचारलं होतं म्हणून."

मामांनी थोडा विचार केला. त्यांच्या आवाजात राग नव्हता, एखादं माप पुन्हा तपासावं तसे ते म्हणाले, "काच दादा थोडाच उचलतो. मी उचलतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र्या लाँड्रीत गेला नाही. जिन्याखालचे रबराचे तुकडे आणि दोन पाचरी घेऊन तो दुकानासमोर उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीवर चढला. कारखान्याचा ड्रायव्हर हरकत घ्यायला आला. दादानं त्याला हातानंच थांबवलं. पत्र्यानं पट्टीच्या बाहेरच्या कडेखाली पाचर देऊन तिला आत कलवलं, वर रबर बसवलं, बाजूला दोन अडसर लावले. अर्ध्या तासाचं काम होतं. तेवढंच होतं. उतरताना दादा पुढे आला, काहीतरी बोलणार होता, पण पत्र्यानं त्याच्याकडे बघितलं नाही. हात पुसले आणि चालू पडला.

मामांना दादानं दुकानातच ठेवून घेतलं. आता ते मापं लिहून घेतात, डाव्या हातानं, अक्षर लहान पोराचं असावं तसं. पत्र्याची व्हॅन त्या रस्त्यानं जाते तेव्हा ते मान वर करतात, थांबायची खूण करतात, बायको कशी आहे, लाँड्रीवाला वेळेवर सोडतो का, सगळं विचारतात. पत्र्या इंजिन बंद न करता उत्तरं देतो. त्यांनी एकदा तोंडभर शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला दर वेळी वाटतं. पण मामांचा तो स्वभाव नाही.