मामानं दिलेला ढाळ

तीन आठवडे झाले. सकाळीच मामेभावाचा, बसूचा फोन आला, "अक्का, अप्पा गेले..." आणि मी काय विचारावं? "त्यांच्या खिशातला छर्रा काढून ठेवलास का?" रडू नंतर आलं.

शिवप्पामामा गवंडी. बेअरिंगमधला एक लोखंडी छर्रा कायम त्याच्या खिशात असायचा. कुणाच्याही घरी गेला की चहाआधी तो फरशीवर सोडायचा आणि कुठं पळतो ते बघायचा. "ढाळ चुकलाय की वो!" हे यजमानाच्या तोंडावर. जुळे सोलापुरातल्या माझ्या फ्लॅटच्या वास्तुशांतीतच त्यानं बिल्डरची लाज काढली. सासरच्यांना ते अजून पचलेलं नाही.

सत्तरच्या दशकात आमच्या वस्तीतल्या पोरापोरींना एकच वेड होतं, बेअरिंगची गाडी. यंत्रमागांच्या दुरुस्तीत टाकून दिलेली बेअरिंगं, वर एक फळी, की झाली गाडी! पळवायची कुठं, तर हमरस्त्याच्या उतारावर. एकदा मी ट्रकखाली जाता जाता वाचले आणि आईनं गाडी चुलीत घातली. मामा तिच्यावर उखडला, "गाडी कशाला जाळतीस? रस्ता वाईट हाय, पोरगी न्हाय." दुसऱ्या दिवशी त्यानं वस्तीमागच्या उकिरड्यावर दोरी ताणली. कुणी विटांचे तुकडे आणले, कुणी अर्धं पोतं सिमेंट, बायकांनी घागरींनी पाणी मारलं. बघता बघता उतार उभा राहिला, खाली थांबायला वाळूचा खड्डा.

पण मामानं उतार घोटला देवघराच्या फरशीसारखा! गवंड्याची खोड, दुसरं काय. पहिल्याच दिवशी गाड्या आडव्या घसरल्या, माझा पुढचा दात गेला. मामा छिन्नी घेऊन बसला आणि दोन दिवस स्वतःच्याच घोटाईवर बारीक टाचे मारत राहिला, चाकांना पकड यावी म्हणून. 

आठवड्यात म्युनिसिपालटीचे एक साहेब कुदळवाले घेऊन हजर.

"परवानगी कुठाय?"

"हितं उकिरडा केला तवा कुणी मागितली व्हती का?"

"पोरं पडतील."

"पडू द्या की! उठतील."

आणि धोतर खोचून मामा माझ्या नव्या गाडीवर बसला. टोपी वरच राहिली, मामा थेट वाळूत. कुदळवाले इतके हसले की साहेबांनाही हसू आवरेना. आले तसे परत गेले.

गेल्या रविवारी बसूनं छर्रा माझ्या हातावर ठेवला. वर बातमी दिली, उतार पाडून पार्किंग करायचं घाटतंय, वस्तीच्या संमतीच्या सह्या गोळा होतायत. मी तडक तिथं गेले. सिमेंटला भेगा गेल्यात, तरी छर्रा सोडला तर सरळ वाळूत गेला. कागदवाला तिथंच होता. "मॅडम, तुमच्या आईच्या घराची सही..."

भिंतीला कुणा पोराची बेअरिंगची गाडी टेकलेली होती. साठी उलटलीय माझी, गुडघे बोलतात. पदर खोचला, गाडी वर नेली आणि बसले.

"बाजूला व्हा," म्हटलं त्याला, "मला ब्रेक न्हाय."