नव्व्याण्णवांतली एक

समस्त राळेगावकरांना, सर्व जातिधर्मांच्या आबालवृद्धांना आणि विशेषतः ज्यांच्या काहीच लक्षात येत नाही अशा सज्जनांना या जाहीर निवेदनाद्वारे कळवण्यात येते की, आमच्या गल्लीतल्या निवृत्त नर्स मार्थाताई या निघून गेलेल्या आहेत. त्या याआधीही एकदा निघून गेल्या होत्या. त्या वेळी निवेदन काढायचं राहून गेलं आणि तीन दिवस कोणालाही पत्ता लागला नाही. तशी चूक पुन्हा होऊ नये म्हणून ही तजवीज. या खेपेस त्या परत येणार नाहीत, तरी कोणी त्यांच्यासाठी जेवायचं थांबू नये... तसं कोणी कधी थांबतही नव्हतं.

निवेदन संपलं, आता ‘त्या’ म्हणणं पुरे. ताईला मी लहानपणापासून अगं-तुगंच करत आलो. ती जाऊन दीड महिना झाला. भर दुपारी मी कोर्टात वकिलांच्या खोलीत बसून पानाची डबी उघडत होतो, तेवढ्यात तिच्या धाकट्या भावाचा, सॅम्युअलचा, फोन आला. “अव्या, ताई गेली.” मी मूर्खासारखं विचारलं, “कुठे?” फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की हा प्रश्न विचारायला मला आणि सगळ्या गल्लीला सहा वर्षं उशीर झाला होता.

ताईचे वडील गल्लीच्या टोकाला असलेल्या पत्र्याच्या छपराच्या चर्चचे पाळक होते. बाकी गल्ली हिंदू नोकरदारांची. माझे वडील तहसिलीत नाझर. नाताळात त्या चर्चमध्ये हरवलेल्या मेंढराचं नाटक व्हायचं. शंभर मेंढरांचा मेंढपाळ. एक मेंढरू हरवतं, तर तो नव्व्याण्णव तशीच रानात सोडून त्या एकाला शोधायला निघतो आणि सापडल्यावर आनंदाने खांद्यावर घेऊन घरी येतो. वाट चुकलेल्या माणसावर देवाचं असं प्रेम असतं, ही येशूची शिकवण. ख्रिस्ती मुलं कमी पडायची म्हणून मेंढरांची भरती आमच्याकडून होत असे. अकराव्या वर्षी माझी नेमणूक थेट हरवलेल्या मेंढराच्या पदावर झाली. ताईने बारदानाला खळ लावून त्यावर जिनिंगमधला कापूस चिकटवला आणि मला त्यात कोंबलं. मेंढपाळ होता सॅम्युअल. मला फक्त टेबलाखाली लपायचं होतं, पण भूमिकेत शिरायचं तर पुरतं शिरावं म्हणून मी घंटेच्या माळ्यावर जाऊन बसलो. सॅम्युअलने टेबल पाहिलं, पेटी पाहिली, पाळकबाबांचा झगा उचलून पाहिला आणि शेवटी भोकाड पसरलं, “बाबा, मेंढरू खरंच हरवलं!” प्रेक्षकांना तो अभिनय वाटला. दोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. ताई साडी खोचून शिडी चढली आणि माझा कान धरून म्हणाली, “पोट्ट्या, शोधणाराले एवढं दमवाचं नसते.”

पुढे तो मेंढपाळच हरवला. विशी ओलांडली नव्हती तेव्हाच बापाशी भांडला आणि एका सकाळी चर्चची बाजाची पेटी घेऊन पसार झाला. घर सोडताना पेटी पळवणारा वाया गेलेला मुलगा तुम्ही दुसरा पाहिला असेल, तर मला जरूर कळवा. पेटी विकून खाल्ली, मग राजूरला कोळशाच्या ट्रकांवर लागला आणि तिथे दारूत बुडाला. इकडे पाळकबाबा दर उपासनेत त्याचं नाव घेऊन रडायचे, आणि पहिल्या बाकावरची उजवीकडची जागा त्याच्यासाठी मोकळी ठेवायचे. त्या जागेवरची धूळ रोज पुसायचं काम ताईचं. दवाखान्यातली ड्यूटी, बाबांच्या साखरेची इंजेक्शनं, चर्चची झाडलोट, रविवारची घंटा, हे सगळं तिच्याकडे होतं. लग्नाचं कोणी तिला विचारलं नाही, आणि तिनेही आठवण करून दिली नाही.

सात वर्षांनी सॅम्युअल आला. तो प्रवेश मी माझ्या ओट्यावरून पाहिला आहे. गल्लीच्या तोंडाशी हडकलेला, दाढी वाढलेला एक माणूस... आणि पाळकबाबा अनवाणी धावत सुटलेले. मिठी, रडणं, “माहा पोरगा मेलता, जित्ता झाला!” अर्ध्या तासाने ताई चालत आली, घामाने निथळत. बाबा तिला म्हणाले, “मार्था, सामू आला! जाय, मटण घेऊन ये.” ती पिशवी घेऊन आल्या पावली गेली. साऱ्या चर्चने जेवण केलं, सॅम्युअलला हार घातला. स्वयंपाकघरात बाबा तिला म्हणाले, “तुयं काय, तू तं इथंच होती.” ते ऐकायला मी होतो, कारण मी रस्सा वाढून घ्यायला तिसऱ्यांदा आत गेलो होतो.

तेव्हापासून दर वर्षी, तो परतला त्या रविवारी, सॅम्युअल चर्चमध्ये उभा राहून साक्ष द्यायचा: मी दूर गेलो होतो, आणि देवाने मला हाक मारून घरी आणलं. बाबा वारले तरी साक्ष चालूच राहिली. ताई मागच्या दाराशी जेवणाच्या पत्रावळी मांडत ते ऐकायची. एकदा तिने त्या वेळच्या पाळकांना विचारलं, “साहेब, मेंढपाळ एकाच्या मागं गेला, बरोबरच केलं. पण त्या नव्व्याण्णवांजवळ तवा कोण होतं?” पाळक म्हणाले, “ती सुरक्षित होती, बाई.” “रानात?” ताईने विचारलं. पाळकांनी घड्याळ पाहिलं.

निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी, सहा वर्षांपूर्वी, ती माझ्याकडे आली. मी तिला गुपचूप तंबाखू-सुपारीचा खर्रा आणून देत असे, त्यामुळे आमचं गुप्त कारस्थानांचं खातं जुनं होतं. “अव्या,” ती म्हणाली, “मी हरवली तं शोधाले कोण येईन?” मी म्हटलं, “अख्खं राळेगाव. संध्याकाळपर्यंत पोलीस.” “पाहू मंग,” ती म्हणाली. मला तर काय, असल्या नाटकात पडद्यामागे राहूनसुद्धा काम करायला आवडतं. कोर्टाला सुट्ट्या होत्या. ढाणकीला माझी आत्या राहते. कोणाला काही न सांगता आम्ही दोघं एसटीत बसलो.

यवतमाळ मागे पडल्यावर ताईने मला ती गोष्ट सांगितली. सॅम्युअलला देवाने हाक मारली ती ताईच्या तोंडून मारली होती. सुट्टीच्या दिवशी, पेशंट पाहायला जाते असं सांगून, ती वणीला उतरून राजूरला जायची. नऊ खेपा. पहिल्या दोन वेळी त्याने तिला हाकलून दिलं, एकदा दगड मारला. नवव्यांदा ती त्याच्या खोलीबाहेर औषधाच्या पेटीवर बसली आणि उठलीच नाही. परत येताना ती फाट्यावरच उतरली आणि त्याला एकट्याला पुढे पाठवलं. “बाबाले वाटू दे, पोरगा आपल्या मनानं आला. बायबलातल्या उधळ्या पोराच्या गोष्टीत तसंच आहे ना.” पुढचे दोन मैल ती उन्हात चालत आली, म्हणून तो घाम! मी आयुष्यभर नाटकं केली, पण इतकं नेमकं दिग्दर्शन मला जमलं नाही. मी म्हटलं, “आणि हे तू कोणालाच सांगितलं नाहीस?” “कायले सांगाचं? बाबाच्या आनंदाले हात नाही लावाचा. तू बी सांगशीन तं याद राख.” मग खिडकीबाहेर पाहत म्हणाली, “देवावर नाही रे माहा राग. तो जातो शोधाले, मले माहीत आहे. मीच गेलती ना त्याच्यासंगं, नऊ खेपा. फक्त परत येऊन तो बाकीच्यांकडं पाह्यते का नाही, तेवढं विचाराचं आहे.”

ढाणकीत आत्याच्या घरी खिडकीतच फोनला रेंज यायची. ताईने तिथे फोन ठेवला आणि समोर खुर्ची. पहिला दिवस गेला. “समजून राह्यले असतील, बाळंतपणाले गेली कोणाच्या.” दुसरा दिवस गेला. मी गुपचूप गल्लीत फोन करायला निघालो तर तिने हात धरला. “तू नको. तुले तं माहीत आहे मी कुठं आहो. तुयं शोधणं कायचं?” तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, फोन वाजला. ताईने पदर सारखा केला, घसा खाकरला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला.

“ताई?”

“हाव, सामू. बोल.”

“चर्चची किल्ली कुठं ठेवली वो? लोक बाहेर उभे आहेत.”

“पिठाच्या डब्यामागं.”

“थांब... हाव, सापडली! बरं, ठेवतो.”

आत्या आतून आली. “काय म्हणे?”

“सापडली म्हणे.”

“कोण?”

“किल्ली,” ताई म्हणाली, आणि इतकी हसली, इतकी हसली की आत्याही हसायला लागली, मीही लागलो. मग ताई उठली आणि आत्याची घासून ठेवलेली सगळी भांडी तिने पुन्हा घासली.

संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हा सॅम्युअल जेवत होता. “आली काय? दूध संपलं,” एवढंच म्हणाला. मी दारात उभा होतो. मी काहीच बोललो नाही. उलट पुढे नावगाव बदलून हा किस्सा वकिलांच्या खोलीत चार वेळा सांगितला आणि चारही वेळा हशा घेतला. तेव्हा गल्लीवर दात खाण्याचा मला फारसा अधिकार नाही, हे जाणून आहे. तरी खातोय.

गेल्या रविवारी चर्चमध्ये तिच्यासाठी प्रार्थनासभा झाली. गल्लीतले हिंदूही आले होते; त्यांतल्या निम्म्यांची बाळंतपणं ताईच्याच हातची. नवे पाळक तरुण आहेत, मनाने चांगले आहेत. त्यांनी मेंढराचीच गोष्ट घेतली आणि शेवटी भरल्या आवाजात म्हणाले, “मार्थाबाई आपल्या कळपातलं न हरवलेलं मेंढरू होत्या. प्रभूला त्यांना शोधण्याचे श्रम एकदाही पडले नाहीत.” सगळे म्हणाले, आमेन. मी बाकाची कड घट्ट धरून बसलो होतो. ताईला दिलेला शब्द त्या क्षणी मोडणार होतो, खोटं कशाला सांगू... तेवढ्यात पाळकांनी सॅम्युअलला साक्ष द्यायला बोलावलं. तो पुढे गेला. ती साक्ष आता लहान मुलांनाही पाठ आहे. “मी दूर गेलो होतो,” तो म्हणाला, “आणि देवाने मला...” इथवर येऊन तो थांबला. पाळकांनी धीर देण्यासाठी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्याने झटकला आणि एकदम ओरडला,

“मले शोधाले ती नऊ खेपा राजूरले आलती, साहेब... अन् ती पलीकडच्या खोलीत मरून पडली होती, तं मी अकरा वाजेपर्यंत चहाची वाट पाहत बसलो!”