कड्याच्या उजव्या अंगाला

आमची ट्रेनिंग पार्टी कुसगावच्या वरच्या अंगाला, एका कड्याखाली तंबू ठोकून होती. बारा जवान, एक गाडी. मी हवालदार आणि क्लाइंबिंगचा उस्ताद. महिना मार्चचा. शुक्रवारी सकाळी अकराला सी.ओ. साहेब, आमच्या पलटणीचे प्रमुख, डेमो पाहायला येणार होते. कडा चढायला मला सहा मिनिटं वीस सेकंद लागत होते. मला सहाच्या आत यायचं होतं.

नाईक नामदेव माझा दोर धरायचा, म्हणजे बिले द्यायचा. माझ्या कमरेचा दोर वर खडकात पक्क्या केलेल्या अँकरमधून फिरून खाली त्याच्या हातात येई. घसरलो तर पेलणार तो, उतरायचं तर सोडणार तोच. तो आंबी गावचा, शेतकऱ्याच्या घरातला. बोलणं कमी, चाल संथ. पी.टी.च्या आधी चहाचा मग घेऊन कड्यासमोर बसायचा. उजव्या अंगाला, आमच्या वाटेपासून वीसएक फुटांवर, आग्या माश्यांची तीन मोहोळं लोंबत होती. हा तिकडंच बघत राही.

"काय बघतोस रे?" मी एकदा विचारलं.

"काय न्हाई, उस्ताद. कशा वागतात ते बघतोय."

त्यावरून मी त्याला दोनदा झापलं होतं.

शुक्रवारी नऊ चाळीसला शेवटच्या रिहर्सलसाठी आम्ही कड्याखाली आलो.

"उस्ताद, आज जरा थांबू. तासभर," नामदेव म्हणाला.

"का?"

"माश्या रोजच्यासारख्या न्हाईत. पहाटे घार येऊन मधल्या मोहोळावर धडकली. खाली मेणाचे तुकडे पडलेत."

"मग?"

"नक्की काय ते सांगता येत न्हाई. पण आज मला बरं वाटत न्हाई."

"सी.ओ. साहेबांना काय सांगू? माश्यांचा मूड नाही म्हणून?"

जवळचे दोघे जवान हसले. नामदेव हसला नाही. त्याने दोर हातात घेतला. "बिले रेडी, उस्ताद."

पुढची गोष्ट कोणत्याही सरकारी कागदावर नाही. हार्नेसचा कमरपट्टा आवळताना एक माशी माझ्या गालावर येऊन आपटली. चावली नाही. पुन्हा आली, पुन्हा आपटली. थांब, असं मला स्वतःलाही आतून वाटलं. स्पष्ट वाटलं. मी गाल पुसला आणि स्टॉपवॉच सुरू करायला सांगितलं.

पन्नास फुटांवर पिटॉन, म्हणजे दोर अडकवायची लोखंडी मेख, ठोकून दाखवायचा होता. हातोडीच्या तिसऱ्या ठोक्याला उजवीकडून ट्रकचं इंजिन सुरू व्हावं तसा आवाज आला. वर अँकरजवळ असलेल्या जवानाने वायरलेस सेटचं बटण दाबलं.

"टॉप टू बेस. मोहोळ उठलं. खाली कुणी थांबू नका. ओव्हर."

खालचे जवान गाडीकडे पळाले. नामदेव जागेवर उभा होता.

मी ओरडलो, "नामदेव, दोर बांध आणि पळ!"

"खाली सोडतोय, उस्ताद. पाय कड्याला ठेवा."

दोर बांधून पळाला असता, तर मी वर लटकून राहिलो असतो. आणि ज्याचे दोन्ही हात दोरात आहेत, त्याला तोंड झाकता येत नाही. त्याने मला एका लयीत खाली घेतलं, एकही झटका न देता. माझे पाय जमिनीला लागले तेव्हा त्याचा चेहरा दिसत नव्हता. नुसत्या माश्या होत्या. जवानांनी ताडपत्री आणून आम्हा दोघांवर टाकली.

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी हॉस्पिटलमध्ये नामदेव गेला. मी शेजारच्या खाटेवर होतो, शुद्धीत.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मला विचारलं, "काही पूर्वसूचना होती?"

"नाही, सर."

हसलेल्या त्या दोन जवानांनीही माझ्याकडे पाहून तेच सांगितलं. अपघात अशी नोंद झाली. पुढे मी नायब सुभेदार झालो.

रिटायर झाल्यावर एका मार्चमध्ये त्या कड्याखाली जाऊन बसलो. मोहोळं होती. पहिला तासभर मला नुसते काळे डाग दिसले. मग एका डागावरून माश्यांच्या अंगांची लाट गेली, वाऱ्याने भाताचं खाचर हलावं तशी. जवळून घार गेली की लाटा भरभर उठायच्या. ती लांब गेली की संथ व्हायच्या. यात अवघड काही नव्हतं. बसणाऱ्या कुणालाही दिसलं असतं. मी त्या कड्याखाली पंधरा दिवस काढले होते आणि एकदाही बसलो नव्हतो.

त्याच आठवड्यात आंबीला गेलो. नामदेवची बायको सुमन कंपनीतल्या कामावरून नुकतीच आली होती. त्याचे वडील, आबा, ओट्यावर बसले होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. गालावरच्या माशीचंही.

"म्हंजे ते बोलले व्हते," सुमन म्हणाली. "लोक म्हणायचे, त्याचं ध्यान नसायचं, म्हणून आसं झालं. इतकी वर्सं मी ऐकून घेतलं."

"चूक माझी आहे, वहिनी."

"चूक तर हायेच," म्हातारे आबा म्हणाले. "पर हितं बोलून काय उपेग? कागदावर घाला. तुमच्या सहीनं."

म्हणून हे लिहिलं. नाईक नामदेवने मला धोका आधी सांगितला होता. मी ऐकलं नाही. नंतर मी त्याला पळायला सांगितलं. ते त्याने ऐकलं नाही, म्हणून मी आहे.