ताकसांडे कंडक्टरची लेक अमेरिकेला काहून गेली

डोमाजी ताकसांडे यांना मी बारा वर्षं ओळखतो. मी राळेगावला शाळेत शिकवतो, राहतो यवतमाळला, आणि सकाळी साडेआठच्या ज्या एसटीनं रोज जातो तिचे ते कंडक्टर. उंच, बारीक, खाकी शर्टाची वरची गुंडी मे महिन्यातही लावलेली. माणूस तसा शांत, पण एका गोष्टीनं त्यांचं डोकं फिरे. "कुठं जायचं?" असं विचारल्यावर कुणी "मामाकडं" किंवा "इथंच, जरा पुढं" म्हटलं की त्यांचा हात तिकिटाच्या मशीनवर थांबायचा.

"मामा कोणत्या स्टॉपवर राह्यते ते सांगा. मशीनमंदी मामा नाही."

त्यांची एकुलती लेक ममता. लहानपणी शाळेमागच्या खडकाळ पटांगणात पोरांबरोबर फुटबॉल खेळायची. खेळाच्या सरांनी तिला हेरलं, निवड चाचणीला नेलं, आणि तेराव्या वर्षी ती पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात गेली. बाविसाव्या वर्षी देशाच्या संघात आली. बेंगळुरूच्या एका मोठ्या क्लबाची ती मधल्या फळीतली खेळाडू. टीव्हीवर तिची मुलाखत लागली की राळेगावच्या चौकातल्या चहाच्या टपरीवर आवाज मोठा करत. डोमाजी या सगळ्यावर फारसं बोलत नसत. पाकिटात मात्र तिचा फोटो होता, बिल्ल्याच्या आकाराएवढा कापलेला.

मागच्या वर्षी जानेवारीत बातमी आली की ममता ताकसांडे बेंगळुरूचा क्लब सोडून अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका क्लबात चालली. क्लब मोठा नव्हता, दुसऱ्या फळीतला. तिथून आमच्या गाडीचे हाल सुरू झाले.

पहिल्या दिवशी चाळीस प्रवाशांपैकी निदान दहा जणांनी विचारलं, पोरगी काहून चालली. दुसऱ्या दिवसापासून लोक विचारेनासे झाले, कारण त्यांना उत्तरं सापडली होती. कळंबला चढणारे एक सोसायटीचे सचिव म्हणाले, डॉलर. मागच्या बाकावरच्या कॉलेजच्या मुली म्हणाल्या, ग्रीन कार्ड. एका म्हाताऱ्यानं सांगितलं की बेंगळुरूच्या कोचाशी तिचं फाटलं, हे त्याच्या जावयानं मोबाइलवर वाचलं. विहारातल्या सभेत किसनराव नगराळे यांनी भाषणच केलं, की बाबासाहेब कोलंबियाला गेले, त्याच वाटेनं आपली लेक निघाली.

"बाबासाहेब शिकायले गेलते," डोमाजी मला तिकीट देता देता म्हणाले. "हे चेंडू मारायले चालली. दोघायले एका गाडीत कायले बसवता? पण बोलता येते का? किसनराव वडील माणूस."

खरं सांगायचं तर मीही विचारलं होतं. पहिल्या दिवशीच्या दहांत मी होतो.

लोकांचं एक वेळ सोडून देता आलं असतं. डोमाजींची खरी चिडचिड अशी होती की कारण त्यांनाही ठाऊक नव्हतं. बातमी पेपरात यायच्या आदल्या दिवशी ममताचा फोन आला होता. त्यांच्या बायकोनं, सत्यशीलाबाईंनी, तो सगळा प्रसंग मला पुढं सांगितला. डोमाजींनी लेकीला विचारलं, "येथी काय कमी आहे तुले? देशात नाव आहे. क्लब आहे. पगार आहे."

"तिथं मले खेळायले भेटते, बाबा."

"अन् येथी काय करून राह्यली होती? स्वयंपाक?"

"तसं नाही..."

"मंग कसं? नीट सांग."

"नीटच सांगून राह्यली."

यावर डोमाजींनी फोन सत्यशीलाबाईंच्या हातात दिला आणि अंगणात जाऊन उभे राहिले. त्यांच्या मते हे उत्तरच नव्हतं. पोरगी काहीतरी लपवते आहे, बहुतेक एखादा मुलगा आहे, आणि आईला ते माहीत आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं. सत्यशीलाबाईंनी शपथ घेऊन नाही म्हटलं, तरी त्यांचं समाधान झालं नाही. फेब्रुवारीत ते दोघं तिला सोडायला नागपूरच्या विमानतळावर गेले. ममता पाया पडली तेव्हा ते म्हणाले, "पासपोर्ट सांभाळ." परतीच्या वाटेवर ते एकदाच बोलले, वर्ध्याला, तेही चहात साखर कमी आहे एवढंच.

त्यानंतर गावातल्या एका क्रीडा मंडळानं तिचा सत्कार ठेवला. ती अमेरिकेत, म्हणून शाल-श्रीफळ बापाला. अध्यक्षांनी पाऊण तास भाषण केलं. ममता जिल्ह्याचं नाव सातासमुद्रापार न्यायला गेली आहे, तिच्या मनात पहिल्यापासून हीच जिद्द होती, तिनं लहानपणी आपल्याला हे बोलून दाखवलं होतं, असं ते म्हणाले. डोमाजी माझ्याकडे पाहत होते. अध्यक्ष तिला कधी भेटलेच नव्हते. मग माईक त्यांच्या हातात आला. ते उभे राहिले, वरची गुंडी चाचपली आणि अध्यक्षांकडे हात करून म्हणाले, "ते काहून गेली, मले माहीत नाही. यायलेही माहीत नाही." आणि खाली बसले. लोक हसले, टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष म्हणाले, ताकसांडे साहेब मोठे मिश्किल आहेत.

मार्चमध्ये प्रकरण हाताबाहेर गेलं. त्या दिवशी मी गाडीत होतो. नेमसिंग नावाचे एक गृहस्थ नेहमी कळंबपर्यंत येत, बियाण्यांच्या दुकानाचे मालक, बोलायला गोड. त्यांनी आजूबाजूला सगळ्यांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात सांगितलं, "तिकडं तिचं जमलं म्हणते. पोराचा हॉटेलचा धंदा आहे. घरच्यायले माहीत आहे, पण सांगत नाहीत."

डोमाजींनी घंटी मारली. गाडी थांबली. दोन्ही बाजूंना रान, कळंब अजून चार किलोमीटर.

"उतरा."

"अहो, माहा स्टॉप कुठं आला?"

"माह्या पोरीचं लग्न लावून राह्यले ना? मंग वरातीत पायी चाला."

मी मधे पडलो, ड्रायव्हर मागे वळून "जाऊ द्या ना, ताकसांडे" म्हणाला. काही उपयोग झाला नाही. नेमसिंग उन्हात उतरले, आणि संध्याकाळपर्यंत त्यांची लेखी तक्रार राळेगावच्या आगारात पोचली. तक्रार खरी होती. डोमाजींनी नाकारली नाही. चौकशी होईपर्यंत त्यांना गाडीवरून काढून स्पेअरला बसवलं. म्हणजे गणवेश घालून वेळेवर यायचं, हजेरी लावायची आणि आठ तास विश्रांतीगृहातल्या बाकावर बसायचं. पगार पूर्ण. एखादा कंडक्टर अचानक आजारी पडला तर बोलावणार, पण त्या दिवसांत कुणी आजारी पडेना.

बावीस दिवस ते बसून होते. मी संध्याकाळी गाडीची वाट पाहताना त्यांच्याशी बोलायला जायचो. पहिल्या आठवड्यात त्यांनी विश्रांतीगृहातला पंखा पुसला, भिंतीवरचं वेळापत्रक तपासून त्यातल्या दोन चुका काढल्या, कुणी सांगितलं नसताना स्टँडवर उभं राहून "यवतमाळ, यवतमाळ" पुकारलं. दुसऱ्या आठवड्यात तेही बंद झालं. सहकारी येता-जाता म्हणत, "तुमचं बरं आहे, भाऊ. ना धक्के, ना धूळ, पगार चालू."

"याचं डोकं फोडावं वाटते," एक जण तसं म्हणून गेल्यावर ते मला म्हणाले. "बरं काय आहे याच्यात? तीस वर्ष मी गाडीत उभा राह्यलो, गुरुजी. पाय दुखले, पण असे दुखले नाही. बसून दुखून राह्यले." मग गुडघा चोळत ते म्हणाले, "पुढच्या साली रिटायर होतो. राह्यले किती दिवस? त्यातले बी हे बाकावर."

त्याच संध्याकाळी घरी गेल्यावर त्यांनी स्वतःहून ममताला फोन लावला. ती गेल्यापासून पहिल्यांदाच. तिकडे सकाळ होती. सत्यशीलाबाई भाकरी थापत होत्या, त्यांनी तवा उतरवून ठेवला आणि ऐकत राहिल्या.

"गेल्या साली किती मॅच खेळली तू?" त्यांनी विचारलं. जेवली का, थंडी आहे का, काही नाही.

"क्लबाच्या अकरा. देशाच्या चार."

"साऱ्या वर्षात?"

"आपल्याकडं पोरींची लीग चार-पाच महिन्यांत सरते, बाबा. त्यात मी तीन मॅच दुखापतीनं बाहेर."

"अन् बाकीचे दिवस?"

"प्रॅक्टिस. जिम. कोणाच्या दुकानाचं उद्घाटन. पगार चालू होता. सारे म्हणत, तुहं बरं आहे."

डोमाजींनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "तिकडं किती होतीन?"

"अठ्ठावीस. मार्च ते नोव्हेंबर. मी सत्तावीस वर्षाची झाली, बाबा. माह्या गुडघ्यात पाच वर्ष आहेत, फार तं सहा. ते बसून घालवू का?"

"पगार जास्त आहे तिथं?"

"नाही. कमीच पडते. घरभाडं लय आहे."

"मंग हे पह्यले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं ना. तिथं मले खेळायले भेटते, म्हटलं. तुमी लोकायले म्हणता, मामा नका सांगू, स्टॉप सांगा. मी तं स्टॉपच सांगतला होता."

सत्यशीलाबाई म्हणतात, यावर ते हसले नाहीत की रडले नाहीत. म्हणाले, "बरं. गुडघ्याले तेल लाव," आणि फोन ठेवला. पण त्या रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

चौकशी झाली. त्यांनी नेमसिंग यांच्या दुकानात जाऊन माफी मागितली, समज मिळाली, आणि एप्रिलमध्ये ते परत साडेआठच्या गाडीवर आले. मला वाटलं, आता निवळलं. पण झालं उलटंच. आता त्यांच्याजवळ खरं उत्तर होतं, आणि ते कुणालाच नको होतं.

"लीग येथी चार-पाच महिने चालते, तिथं नऊ," ते सांगत. "जास्त मॅच खेळायले भेटतात म्हणून गेली. पगार तं तिथं कमीच पडते."

"हे तं झालंच," सोसायटीचे सचिव म्हणाले, "पण खरं कारण?"

"हेच खरं कारण."

"खेळायसाठी कोणी एवढ्या लांब जाते का? आपल्याले सांगा, आपण कोणाले सांगणार आहो."

किसनरावांनी ऐकून घेतलं आणि ते कोलंबियावरच राहिले. कॉलेजच्या मुलींपैकी एक म्हणाली, काका, पगार जास्त आहे असं तर कुणी सांगतच नसतं. डोमाजी कपाळावर हात मारून पुढच्या बाकाकडे सरकले. अठ्ठावीस हा आकडा त्यांनी त्या महिन्यात मशीनमधल्या तिकिटांपेक्षा जास्त वेळा सांगितला असेल. "खोटं सांगतलं असतं तं एका दमात पटलं असतं यायले," ते मला म्हणाले. "उद्या सांगतो, तिले तिकडच्या राष्ट्रपतीनं बोलावलं. पाहा कसे माना हलवते."

मे महिन्यात त्यांनी पहिल्यांदा तिची मॅच पाहिली. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट. साडेचारला मॅच सुरू. डोमाजी आंघोळ करून, गणवेश चढवून मोबाइलसमोर बसले, कारण साडेआठला यवतमाळहून परत फिरणारी राळेगावची सहाची पहिली गाडी त्यांनाच न्यायची होती. संघ मैदानात उतरला. ममता त्यात नव्हती. कॅमेरा एकदा राखीव खेळाडूंवरून फिरला तेव्हा ती दिसली, अंगावर जॅकेट, बाकावर बसलेली.

"हे पाहा," ते सत्यशीलाबाईंना म्हणाले. "आठ हजार मैल गेली, अन् तिथं बी स्पेअर."

अर्धा वेळ होऊन गेला तरी ती बाकावरच. डोमाजी बॅग खांद्याला लावून, तिकडच्या कोचाला वऱ्हाडीत चार शब्द सुनावून आगारात गेले. सहाला दहा कमी असताना सत्यशीलाबाईंचा फोन आला.

"आली मैदानात. आठ नंबर. पळून राह्यली."

"कशी पळते?"

"मले काय समजते? पळते. आता पडली."

"पडली?"

"उठली. त्या दुसरीले लागलं. हे पुढं गेली."

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. डोमाजींनी फोन तसाच चालू ठेवून शर्टाच्या खिशात टाकला आणि गाडीत चढले. हे मला ड्रायव्हरनं सांगितलं. कळंबपर्यंत त्यांच्या खिशातून सत्यशीलाबाईंचा आवाज येत होता आणि ते तिकिटं फाडत होते. ममताचा संघ एक-शून्यनं हरला.

नोव्हेंबरपर्यंत ती बावीस मॅच खेळली, त्यातल्या तेरात पहिल्यापासून. गुडघा एकदा सुजला, बरा झाला. तिनं आणखी एका वर्षाचा करार केला. बेंगळुरूच्या क्लबानं परत बोलावलं होतं, जास्त पैसे देऊन, तरी ती गेली नाही. ही बातमीही पेपरात आली, आणि दुसऱ्या दिवशी गाडीत ठरलं की नक्कीच तिकडं काहीतरी आहे.

डोमाजी या मार्चमध्ये निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी मी त्यांना विचारलं, आता अमेरिकेला जाणार का लेकीकडे.

"व्हिसाचा फॉर्म भरला," ते वैतागून म्हणाले. "त्यातबी पह्यला प्रश्न हाच आहे, काहून जाता. लिहिलं, मॅच पाहायले. सायबर कॅफेतली पोरगी म्हणते, काका, हे नाही चालत, काही मोठं कारण लिहा."