मजीदच्या आवाजाशिवाय

खलील मामू क्रेनच्या केबिनमध्ये झोपला होता, ही बातमी कतारमधल्या अल रय्यानच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मामूच्या आधी पोचली. भार हवेत लटकतोय, खालून सगळे ओरडतायत आणि वर मामू घोरतोय. ते घोरणं जो तो आपापल्या नाकानं काढून दाखवत होता. माझं सगळ्यात सरस होतं.

मामू झोपला नव्हता.

वर्ल्डकपच्या स्टेडियमचं छत चढत होतं. पोलादी कमान खलीलच्या क्रेनला लटकलेली, आणि ती टेकायची जागा त्याला वरून दिसत नव्हती. त्याचे डोळे म्हणजे खाली उभा असलेला, आमच्याच बिल्डिंगमधला श्रीवर्धनचा मजीद. वॉकीटॉकीवर मजीद बोलत राहील तोवरच भार हलवायचा. आवाज तुटला की हात थांबलाच पाहिजे. "खाली... आस्ते... आस्ते..." मजीद नाकातून म्हणायचा, बाळाला निजवल्यासारखं.

तेवढ्यात धुळीचं वादळ आलं आणि मजीदचा आवाज तुटला.

खलीलनं भार थांबवला. काचेबाहेर नुसता पिवळा रंग. केबिन डुलत होती. मग इंजिनियर कडाडला, "खलील, लोड डाउन! यल्ला, जल्दी, सुनता है क्या?" वारा वाढत होता, त्याचंही चुकत नव्हतं. पण कमानीखाली माणसं होती की नव्हती, हे त्याला तरी कुठे दिसत होतं?

"मजीद बोलेगा," खलील एकदाच म्हणाला; पुढच्या हाकांना ओ आली नाही, तीच खाली झोप ठरली. भीती वाटायला हवी होती, वाटली नाही. घर आठवलं नाही, खुदाही नाही. बोटं दुसऱ्या कुणाची असल्यासारखी लिव्हरवर पडून होती.

बऱ्याच वेळानं कुणाच्या तरी वॉकीवरून मजीद बोलला, "खाली... आस्ते." दोरात पाय अडकलेल्या एकाला तो कमानीखालून ओढत होता, त्या झटापटीत त्याचा स्वतःचा वॉकी हातातून निसटला होता.

शुक्रवारी मामू जेवायला आला.

"भाईजान, सालनात मीठ राहिलं वाटतं," अम्मी म्हणाली.

"असेल," म्हणून तो जेवत राहिला.

मी मामूशीच पैज लावली: मजीदच्या आवाजात बोलून त्याला हातातला ग्लास खाली ठेवायला लावीन, हरले तर त्याचा कवरऑल धुवीन. त्यानं ग्लास उचलताच मी दाराआडून सुरू केलं, "खाली... आस्ते... आस्ते..."

ग्लास हवेतच राहिला.

"नाक बरोबर धरलंस गो," मामू म्हणाला. "पण जिंकायची घाई झाली तुला. मजीदला घाई असली की तो आणखी हळू बोलतो."

मी कवरऑल बादलीत टाकून आले, तरी त्याच्या हातातला ग्लास तसाच हवेत होता.