दत्तारामनानांचं गाऱ्हाणं

विक्रोळीला पार्कसाइटच्या डोंगराशी टेकून जी बैठी चाळ उभी आहे, तिचं नाव रामेश्वर चाळ. हे नाव एक पोस्टमन सोडला तर कोणी घेत नाही. बाकी सगळे म्हणतात, नानांची चाळ. नवख्याला वाटावं नाना मालक असतील. नानांची तिथे एकच खोली, अगदी वरच्या टोकाची, पावसात भिंतीला हात लावला तर हात ओला होणारी.

नाना म्हणजे दत्ताराम. परळच्या गिरणीत साच्यावर कापड विणत होते. संपानंतर गिरणी उघडली, पण नानांना न घेता. मग घाटकोपरला एका ऑफिसांच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टमन म्हणून लागले. दिवसभर लोकांना वर न्यायचं आणि खाली आणायचं. या नोकरीत त्यांना एकच सुख होतं. आत शिरणारा माणूस मजला स्वतः सांगे, नानांनी फक्त बटण दाबायचं.

संध्याकाळी चढण चढून घरी यावं तर दारात कोणीतरी उभं असायचंच. नाना, पोरीला नर्सिंगला घालू की डीएडला. नाना, भावानं गावचं घर एकट्याच्या नावावर केलंय, बोलू की गप्प बसू. नानांना यातलं काही कळत नसे आणि ते तसं सांगतही. पण मला कळत नाही असं सांगणारा माणूस मुंबईत इतका दुर्मीळ, की त्यामुळे लोकांचा विश्वास आणखीच वाढे. चप्पल काढायच्या आत नानांना दोन घरांचे तंटे ऐकावे लागत. पाय इतके भरून आलेले असत की पुष्कळदा ते उंबऱ्यावर बसूनच ऐकत. लोक म्हणत, बघा, किती साधेपणा.

आणि या सगळ्यावर होतं ते गाऱ्हाणं.

चाळीची पूजा सव्वीस जानेवारीला असे. सकाळी झेंडा, दुपारी सत्यनारायण, म्हणजे देश आणि देव एकाच मांडवात उरकत. आरतीच्या आधी नाना नारळ हातात धरून गावच्या पद्धतीनं देवाला गाऱ्हाणं घालत. एकेक मागणं मागायचं, आणि प्रत्येकाच्या शेवटी सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, व्हय म्हाराजा. म्हणजे मागितलं नानांनी, पण ते सगळ्यांचं झालं, आणि देवासमोर झालं. तिथे एकदा व्हय म्हटलं की मागे फिरायचं नाही, हे न शिकवता प्रत्येकाला येत होतं.

यात काय ताकद आहे ती नानांना कळली सहदेवमुळे. सहदेव शेजारचा, गावचाच, आणि पिण्यात पटाईत. मागे एका पूजेला नानांनी सहज, बोलण्याच्या ओघात म्हटलं, "आणि आमच्या सहदेवाची दारू सुटान्दे रे म्हाराजा." सगळी चाळ गरजली, "व्हय म्हाराजा." त्या गर्जनेत सवयीनं सहदेवही होता. संपला की विषय. त्या दिवसापासून थेंब नाही. घर सुधारलं, बायको रुक्मिणी हसायला लागली, फक्त सहदेव तेवढा सुतकात असल्यासारखा फिरायचा. नानांना बघितलं की म्हणायचा, "इचारलात तरी होतास माका?" नानांना तेव्हा अभिमान वाटायला हवा होता. त्यांना भीती वाटली होती.

शहाऐंशीच्या जानेवारीत, पूजेला आठवडा असताना, नंदकुमार आला. याच चाळीत गोट्या खेळून मोठा झालेला, आता एका बिल्डरकडे कामाला. अंगाला सेंटचा वास, हातात पेढ्यांचा पुडा.

"नाना, चाळीचं नशीब काढतोय," तो म्हणाला. "इथं चार मजली बिल्डिंग. प्रत्येकाला ब्लॉक, आत संडास, आत नळ. तोवर सगळ्यांनी मुलुंडला पत्र्याच्या शेडमध्ये राहायचं. झकास सोय आहे."

"किती वर्सां?"

"वर्ष. फार तर दीड."

हे त्यानं ज्या सुरात सांगितलं तो सूर नानांच्या ओळखीचा होता. लहानपणी हाच नंदू 'अभ्यास झाला' असं त्याच सुरात सांगायचा. कधी झालेलाही असायचा, त्यामुळे खात्रीनं काही म्हणता येत नसे.

"मग लोकांशी बोल."

"लोकांशी काय बोलायचं नाना? एक म्हणतो हो, दुसरा म्हणतो शेजारी काय म्हणतो बघू. तुम्ही गाऱ्हाण्यात एक ओळ घाला. 'ही लेकरां नवीन घरात जातली, तेंका यश दे.' बस. लोक व्हय म्हणतील, काम फत्ते." मग तो आत, स्टोव्हपाशी बसलेल्या नानांच्या बायकोकडे, रत्नप्रभाकाकूंकडे बघत म्हणाला, "आणि तुम्हाला तळमजल्याची पहिली खोली. काकूंच्या गुडघ्यांसाठी. हे मी साहेबांकडून वदवून घेतलंय."

इथे नानांची पंचाईत झाली. कारण रत्नप्रभाकाकूंच्या गुडघ्यांनी गेली दोन वर्षं घरात राज्य केलं होतं. चाळीचे संडास उताराच्या तळाशी. डबा घेऊन पायऱ्या उतरायच्या आणि चढायच्या, एकेका पायरीवर थांबत. त्या खेपा टाळाव्यात म्हणून काकूंनी दुपारनंतरचा चहा सोडला होता, मग पाणीही मोजकंच प्यायला लागल्या. कोणी विचारलं तर म्हणायच्या, तहानच लागत नाही.

नंदू गेल्यावर नाना म्हणाले, "काय म्हणतंस गो?"

"मी काय म्हणतलंय?" काकू पेढ्यांचा पुडा उघडत म्हणाल्या. "घरात मोरी, घरात संडास. सपनात सुदीक इला नाय कधी." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "पण लोक तुमच्या तोंडाक बघून जातले, ह्या ध्यानात ठेवा."

तो आठवडा नानांना फार जड गेला. बातमी नंदूनंच पसरवली होती. नळावर, दुकानात, जिथे तिथे एकच. "नाना काय सांगतात बघू." रुक्मिणीनं तर सामान बांधायला दोऱ्याही आणून ठेवल्या. का, तर नाना जा म्हणाले तर घाई नको. नाना विचारत, "तुका काय वाटता?" ती हसून म्हणे, "माका कित्याक वाटात? तुमी आसास मा." लिफ्टमध्ये एकदा नानांनी तिसऱ्याच्या माणसाला पाचव्यावर नेलं. तो चिडला, तेव्हा नानांना बरं वाटलं. आपण कुठे जातोय याची पर्वा असलेला एक तरी माणूस भेटला होता.

पूजेच्या आदल्या संध्याकाळी भीमराज भेटला. तो खालच्या रांगेत राहायचा, एका कंपनीत वायरमन होता. मांडवाची लाइट दरवर्षी त्याची. तो बौद्ध, पूजेला हात जोडायचा नाही. गाऱ्हाणं चालू असताना पाठमोरा बसून वायरींकडे लक्ष द्यायचा, आणि त्याबद्दल कोणाला काही वाटत नसे. शिडीवर उभा राहून तो बल्ब बसवत होता.

"नाना, एक विचारू का. मी काय तुमचं ते व्हय म्हणणार नाही. मला सरळ सांगा. जावं का नाही?"

"तू पण?" नाना मांडवाच्या खांबाला टेकले.

"माझी दोन पोरं इथल्या शाळेत आहेत. मुलुंडला गेलो आन बिल्डिंग नाही उठली, तर कुठं जाऊ? तुम्हाला कळलंय म्हणून सगळे निवांत झोपतात. म्हणून म्हटलं विचारावं, काय कळलंय."

"काय पण नाय."

भीमराजनं बल्ब अर्धवट पिळून खाली बघितलं. "मग हे लोकांना माहीत आहे का?"

नाना खांब सोडून घराकडची चढण चढायला लागले.

सव्वीस तारखेला झेंडा फडकला, पूजा झाली, शिऱ्याचा वास मांडवभर पसरला. नंदकुमार इस्त्रीचा सफारी घालून पहिल्या रांगेत. सहदेव, रुक्मिणी मागे. बायकांत रत्नप्रभाकाकू, एकट्या खुर्चीवर, कारण मांडी घालता येत नव्हती. भीमराज खांबापाशी, पाठमोरा. नानांनी नारळ घेतला.

"बा देवा म्हाराजा, सत्यनारायणा, सालाबादप्रमाणे ही लेकरां तुझी सेवा करतत, ती गोड मानून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"काय चुकला माकला आसात तर पोटात घाल, सगळ्यांची राखण कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

नाना थांबले. नंदकुमार किंचित पुढे झुकला.

"आता ही चाळ सोडून मुलुंडाक जावचा की हयच रवाचा, असो एक प्रश्न इलेलो आसा रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"त्येतला माका काय एक कळणा नाय रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळी चाळ एका सुरात गरजली.

मागे कोणीतरी खुदकन हसलं आणि गप्प झालं. आपण कशाला व्हय म्हटलं हे बाकीच्यांच्या हळूहळू ध्यानात येत होतं. नानांनी डोळे मिटूनच घेतले होते, त्यामुळे त्यांना कोणाचं तोंड दिसत नव्हतं.

"माझ्या बायलेची ढोपरां दुखतत. म्हणान माका जावचा आसा रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." या वेळी आवाज निम्मा. सगळ्या माना खुर्चीकडे वळल्या. काकूंनी पदर गुडघ्यांवर ओढला.

"माका खालची पयली खोली देतले, असा नंदून सांगल्यान. हो माझो स्वार्थ. तो तुझ्यासमोर आणि सगळ्यांसमोर ठेवलंय. दत्तारामान सांगल्यान म्हणान कोणी जाव नये. दत्तारामान सांगल्यान म्हणान कोणी रवा नये. जेचो तेणा इचार करूचो. इतक्याच माझा गाऱ्हाणा रे म्हाराजा."

याला काय म्हणायचं ते कोणालाच कळेना. सहदेवचं 'व्हय' तोंडातून निघालं आणि अर्ध्यावर अडकलं. मग खांबापासून भीमराज म्हणाला, "हे बरोबर आहे," आणि पुन्हा वायरीकडे वळला.

आरती कशीबशी झाली. शिरा खाताना मात्र तोंडं सुटली, आणि बहुतेक नानांच्याच नावानं. ऐनवेळी हात वर केले म्हणे. खालची खोली एकट्यालाच ठरली होती म्हणे. ज्या माणसानं स्वतःच सांगितलं होतं त्याच्यावर ते उघडकीला आणल्याच्या थाटात आरोप झाला. आयुष्यभराची पत एका द्रोणाच्या शिऱ्याबरोबर अर्धी संपली. नाना कोपऱ्यात खुर्ची घेऊन बसले. त्यांना उत्तर द्यायचं नव्हतं. झोप मात्र फार आली होती.

"नाना, वाट लावलीत माझी," नंदकुमार वाकून दबक्या आवाजात म्हणाला. "एक ओळ होती."

"होय रे. ती एक ओळच जड झाली."

पुढे काही बोलायच्या आत रुक्मिणीनं नंदूला गाठलं. "काय रे नंदू, मुलुंडाक नळ खय आसा? किती वाजता येता पाणी?" तिच्यामागून दुसरी. शेडला दारं आहेत की पडदे? भीमराज हात पुसत आला. "आन बिल्डिंग नाही झाली तर इथली जागा कुणाची?" नंदू म्हणाला, साहेबांना विचारून सांगतो. भीमराज म्हणाला, "मग साहेबांनाच घेऊन ये पुढच्या रविवारी. चहा आम्ही पाजू." रुक्मिणी म्हणाली, "आणि बिनसाखरेचो नाय हा." इतक्या वर्षांत नानांना मध्ये न घेता चाळीनं ठरवलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट. नाना कोपऱ्यातून ऐकत होते. कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. हे त्यांना हवं होतं. तरी थोडं लागलं.

एवढ्यात सहदेव समोर येऊन उभा राहिला. चेहरा गंभीर.

"नाना, जेचो तेणा इचार करूचो म्हणालात. मगे माझ्या दारूचा काय?"

नानांनी रुक्मिणीकडे बघितलं. ती नंदूला सोडायला तयार नव्हती. बंदी कायम म्हणावं तर आजचं सगळं बोलणं खोटं. उठली म्हणावं तर त्या बाईचं हसू जायचं.

"तो पण इचार तुझोच," नाना शेवटी म्हणाले. "तेव्हा मी तुका न इचारता बोललंय. ता चुकलाच माझा."

"तुमी बांधून घातलेला बरा होता," असं म्हणून सहदेव मांडवाबाहेर गेला. नाना उठून त्याच्यामागे दोन पावलं गेले आणि थांबले.

रात्रभर नानांचा डोळा लागला नाही. सकाळी काकूंनी डबा भरला तसे नानाही उठले. काकू एकेक पायरी उतरत होत्या, नाना डबा धरून मागे.

"इतक्या लोकांत माझी ढोपरां कित्याक काढलात?" काकूंनी विचारलं. रात्रीपासूनचा हा त्यांचा पहिला शब्द.

"खरा ता सांगूक नको?"

"खरा सांगा. पण कंबर सांगूची होती. ढोपरां म्हातारेची दुखतत."

"पुढच्या वेळेक कंबर सांगतंय."

"पुढच्या वेळेक कोण इचारता तुमका," काकू म्हणाल्या आणि पुढची पायरी उतरल्या. त्या हसतायत की कळवळतायत ते पाठीमागून कळेना.

खाली बायकांची रांग होती. काकू रांगेत उभ्या राहिल्या. नाना कठड्यापाशी आले तर तिथे सहदेव बसलेला, कालच्याच कपड्यांत.

"काय रे? गेललंस?"

"गेललंय दारूच्या बारापर्यंत," सहदेव म्हणाला. "बंद होतो. सव्वीस जानेवारी."

"आणि आज?"

"आज उघडतलो." तो समोर रांगेकडे बघत होता. रांगेत रुक्मिणीही होती. "इचार करतंय."

नानांच्या तोंडाशी काहीतरी आलं होतं. ते त्यांनी गिळलं, आणि काकूंची पाळी येईस्तोवर त्याच्या शेजारी कठड्यावर बसून राहिले.